मृगाच्या आधी लम्पीची तयारी

मृग तोंडावर आला की आपण बियाणं बघतो, खतं आणतो, पत्रे नीट करतो. गोठ्याकडे मात्र दुर्लक्ष होतं. यंदा पहिलं काम लसीचं धरा. लम्पी म्हणजे गायीबैलांना ताप आणि अंगभर गाठी आणणारा रोग. त्याचा विषाणू देवी रोगाच्या कुळातला, शेळ्या-मेंढ्यांच्या देवीचा जवळचा भाऊबंद. म्हणून तर 2022 मध्ये आपल्याकडे गायीबैलांना शेळीच्या देवीची लस टोचली गेली. टोचल्यानंतर अंगात पुरती ताकद यायला तीन आठवडे जातात, तेव्हा मेच्या मध्याला लस झालेली हवी. डॉक्टर येणार त्या सकाळी जनावरं रानात सोडू नका, कानातला बारा आकडी बिल्ला पुसून ठेवा आणि प्रत्येक जनावराला वेगळी सुई हवी हे न लाजता सांगा. लस घेतलेल्या गायीचं वासरू असेल तर त्याला कधी टोचायचं तेही तेव्हाच विचारून घ्या. साधारण चार ते सहा महिन्यांचं झालं की टोचतात.

मग माश्या, डास, गोचीड. रोग फिरतो तो मुख्यतः यांच्यामुळे. उकिरडा गोठ्यापासून लांब न्या, मूत साचणारे खड्डे बुजवा, भिंतीच्या फटी लिंपून चुना मारा, कारण गोचीड तिथेच अंडी घालते. कडुनिंबाचा धूर संध्याकाळी जरूर करा, पण त्याच्यावरच विसंबू नका.

घरात थर्मामीटर आणून ठेवा. गाईचा ताप एरवी 101-102 फॅरनहाइट असतो. 104 च्या वर गेला तर गाठींची वाट पाहू नका, डॉक्टरांना बोलवा. आमच्या कालवडीने एका सकाळी पेंडीला तोंड लावलं नाही, डोळ्यांतून पाणी येत होतं. मला वाटलं, उन्हाचं असेल. संध्याकाळी खांद्याच्या पुढे हात फिरवला तर लिंबाएवढी गाठ लागली, आणि तिसऱ्या दिवशी अंगभर कातड्याखाली सुपाऱ्या ठेवल्यासारखं झालं. तो एक दिवस मी घालवायला नको होता. म्हणून रोज धार काढताना प्रत्येकीच्या अंगावरून हात फिरवायची सवय आत्तापासून लावा.

आजारी जनावरासाठी लांबचा कोपरा आताच ठरवा: वेगळी बादली, वेगळं दावं, वर मच्छरदाणी. त्याचं सगळं शेवटी करायचं आणि साबणाने हात धुऊन घरात यायचं. गळालेल्या खपल्यांत विषाणू महिनाभरही टिकतो. त्या झाडून जाळा. अँटिबायोटिकने विषाणू मरत नाही, ते जखम चिघळू नये म्हणून असतं, तेव्हा दुकानातून परस्पर आणून टोचू नका. माणसाला हा रोग होत नाही, दूध उकळून प्या.

1962 हा जनावरांच्या दवाखान्याच्या मदतीचा नंबर घरातल्या प्रत्येकाच्या मोबाइलमध्ये असू द्या. संशय आला की ग्रामपंचायतीलाही कळवा. जनावरांच्या संसर्गजन्य रोगांबद्दलच्या 2009 च्या कायद्याने ते मालकावर बंधनकारकच आहे. पावसाळ्यात बाजारातून जनावर शक्यतो आणू नका, आणलंच तर महिनाभर वेगळं बांधा.

लसीची तारीख गव्हाणीवरच्या भिंतीवर कोळशाने लिहून ठेवा. पुढच्या वर्षी पुन्हा टोचायची आहे.