पहाटेचा प्लेऑफ आणि चाळिशीकडे झुकलेला स्टार: सामना नेमका कसा पाहायचा

एनबीए या अमेरिकेतल्या बास्केटबॉल लीगचे प्लेऑफ, म्हणजे बाद फेरीच्या मालिका, एप्रिलच्या मध्यावर सुरू होतात आणि जूनमध्ये संपतात. आपल्याकडे आंब्याच्या पेट्या भरण्याच्या घाईपासून मृगाच्या पावसापर्यंतचा हा काळ. लेब्रॉन जेम्सचा जन्म डिसेंबर १९८४ चा, स्टीफन करीचा मार्च १९८८ चा, केविन ड्युरंटचा सप्टेंबर १९८८ चा. ‘हा संपला’ आणि ‘अजून याच्यासारखा कोणी नाही’ ही दोन्ही मतं यांच्याबद्दल एकाच आठवड्यात ऐकू येतात, कारण बहुतेक जण फक्त गुण बघतात. वय गुणांत सगळ्यात उशिरा दिसतं. आधी दिसतं ते पायांत. हायलाइट्समध्ये पाय दिसत नाहीत, म्हणून मालिकेतला निदान एक सामना पूर्ण बघा.

आधी वेळ. तिकडे तेव्हा उन्हाळी वेळ चालू असते, म्हणून न्यूयॉर्कच्या वेळेत साडेनऊ तास मिळवा. संध्याकाळी ७:३० चा सामना इथे पहाटे ५ ला, ८:३० चा सकाळी ६ ला, रात्री १० चा सकाळी ७:३० ला. शनिवार-रविवारचा दुपारी ३:३० चा सामना आपल्याकडे रात्री १ वाजता येतो. चूक होते ती तारखेत. त्यांची रविवारची रात्र म्हणजे आपली सोमवारची पहाट, म्हणून भिंतीवरच्या कॅलेंडरवर नेहमी इकडचीच तारीख लिहा. चेंडू प्रत्यक्षात जाहीर वेळेनंतर दहाएक मिनिटांनी उडतो, आणि १२ मिनिटांचे चार क्वार्टर संपायला अडीच तास लागतात. साडेसातचा सामना कामावर जायच्या वेळेत अडकतो. तो संध्याकाळी बघणार असाल तर एनबीएच्या ॲपमध्ये गुण लपवण्याची सोय आहे, ती सकाळीच चालू करा आणि मित्रांचे ग्रुप म्यूट करा.

मे महिन्यात वळीव आला की लाइट जाते, आणि गावाकडे काही तासांनी टॉवरची बॅटरीही बसते. फायबर असेल तर राउटरसाठी १२ व्होल्टचा छोटा यूपीएस घ्या. घेण्याआधी राउटरच्या अडॅप्टरवर लिहिलेला व्होल्ट आणि अँपिअर बघा. कमी अँपिअरचा घेतला तर राउटर सारखा बंद-चालू होतो. मोबाइल डेटावर बघणार असाल तर चित्राचा दर्जा ४८० वर ठेवा. एचडीवर तासाला दीड जीबीच्या आसपास जातो, म्हणजे रोजचा दोन जीबीचा पॅक तिसऱ्या क्वार्टरआधीच संपतो. नेमका तिथूनच म्हातारा स्टार बघायचा असतो.

आता वही. एक पान, चार रकाने, प्रत्येक क्वार्टरला एक. त्यात एकाच खेळाडूची नोंद करा. दोघांची करायला गेलात तर चेंडूच्या मागे धावाल आणि दोघेही निसटतील.

पहिली नोंद चुकलेल्या फेकींची. चेंडू रिंगच्या डाव्या-उजव्या बाजूला लागला तर तो नेमाचा दोष, तो विशीतल्या पोराचाही होतो. रिंगच्या पुढच्या कडेला आपटून खाली आला तर ‘आखूड’ असं लिहा. लांबच्या फेकीची ताकद पायांतून येते. पाय दमले की हात तसाच चालतो पण चेंडू चार बोटं कमी पडतो. एका आखूड फेकीला अर्थ नाही. चौथ्या क्वार्टरमध्ये तीन आखूड आणि त्यात एखादी फ्री थ्रो (फाउलनंतर कोणी न अडवता मिळणारी फेक) असेल तर मात्र निदान जवळपास पक्कं.

दुसरी नोंद परतण्याची. त्याच्या संघाचा चेंडू गेला की कॅमेरा चेंडूमागे जातो. तुम्ही मागे कोण राहिलं ते शोधा. कबड्डीत उत्तरार्धात चढाई करून परतणाऱ्याचे पाय जड दिसतात, तसंच इथे. चार आकडे मनात मोजा. तेवढ्यात तो मध्यरेषा ओलांडत नसेल तर एक रेघ मारा. पंचांशी वाद घालत मागे राहिला असला तरी रेघ मारा. दमलेला खेळाडू वाद जास्त घालतो, त्यात त्याला श्वास मिळतो.

तिसरी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची आणि सगळ्यात कमी बघितली जाणारी: समोरचा संघ कोणाला शोधतोय? आक्रमक संघ आपला एक खेळाडू रक्षकाच्या वाटेत आडवा उभा करतो, त्याला स्क्रीन म्हणतात. स्क्रीन लावायला ते मुद्दाम ज्याला बोलावतात, त्याचा रक्षक कोण हे बघा. सलग चार वेळा तो तुमचाच स्टार निघाला तर प्रशिक्षकाने त्याचे पाय ओळखलेत. उलट बाजूही बघा. त्याचा स्वतःचा संघ त्याला कोपऱ्यातल्या सगळ्यात कच्च्या नेमबाजावर ठेवत असेल, तर संघ त्याला लपवतोय. यात कमीपणा नाही. वाचलेला दम पुढे आक्रमणात वापरायचा असतो.

शेवटची नोंद मिनिटांची. तो बाकावर बसला आणि उठला ती घड्याळाची वेळ लिहा. प्रत्येक क्वार्टरमध्ये साधारण ७ आणि ३ मिनिटं उरलेली असताना सक्तीचे टाइमआउट येतात. शहाणा प्रशिक्षक त्यांच्या जरा आधी स्टारला बाहेर काढतो, म्हणजे घड्याळाच्या दोन मिनिटांत चार-पाच मिनिटांची विश्रांती मिळते. हे साधलं नाही की काय होतं, याचा ठळक नमुना एप्रिल २०२५ मधला. मिनेसोटाविरुद्धच्या चौथ्या सामन्यात लेब्रॉनच्या लेकर्स संघाने उत्तरार्धभर तेच पाच जण खेळवले. शेवटच्या क्वार्टरमध्ये लेब्रॉनला एकही गुण मिळाला नाही आणि सामना ११६–११३ असा गेला. त्याआधी २०२३ मध्ये डेन्व्हरविरुद्ध त्याने पहिल्या अर्ध्यात ३१ गुण केले, दुसऱ्या अर्ध्यात ९. त्या सामन्यात तो फक्त चार सेकंद बाहेर होता. दोन्ही वेळा दोष त्याच्या वयापेक्षा त्याच्यावर टाकलेल्या मिनिटांचा, असं आमचं ठाम मत आहे. याउलट २०१३-१४ चा सॅन अँटोनिओ संघ बघा. साखळीत त्यांच्या एकाही खेळाडूची सरासरी ३० मिनिटांवर गेली नाही, आणि जूनमध्ये ३८ वर्षांचा टिम डंकन विजेतेपद उचलत होता.

दुखापतीचा अंदाज घ्यायचा तर पोटरी आणि मांडीचा मागचा भाग बघा. खेळ थांबला की हात तिथेच जातो का, धाव सुरू करताना पहिली दोन पावलं आखडतात का? २०१९ मध्ये ड्युरंट पोटरीच्या दुखण्यातून महिन्याभराने अंतिम मालिकेत परतला, १२ मिनिटांत ११ गुण केले आणि अकिलीसचा स्नायुबंध तुटला. करीची मांडी मे २०२५ मध्ये मिनेसोटाविरुद्ध पहिल्याच सामन्यात आखडली. तो सामना संघाने जिंकला, पुढचे चारही गमावले. असा खेळाडू परत आला तर पहिल्या पाच मिनिटांतल्या गुणांवरून काही ठरवू नका. तो उडी मारून कोणत्या पायावर उतरतो ते बघा.

निकाल लिहायची घाई करू नका. मे १९८५ मध्ये बोस्टनने अंतिम मालिकेचा पहिला सामना १४८–११४ ने जिंकला. लेकर्सच्या अडतीस वर्षांच्या करीम अब्दुल-जब्बारला त्यात १२ गुण आणि ३ रिबाउंड (चुकलेल्या फेकीनंतर पकडलेले चेंडू) मिळाले आणि लोकांनी त्याला निवृत्त करून टाकलं. तीन दिवसांनी त्याने ३० गुण आणि १७ रिबाउंड घेतले, लेकर्सने मालिका जिंकली आणि मालिकेचा सर्वोत्तम खेळाडू तोच ठरला. त्याचा स्कायहुक, म्हणजे एका हाताने डोक्यावरून वळवून टाकलेली फेक, कमी उडीतही अडवता येत नसे, आणि मधल्या दिवसांनी पाय भरून आले होते.

म्हणून वेळापत्रकातल्या सुट्ट्या वाचायला शिका. सात सामन्यांच्या मालिकेत पहिले दोन एका गावी, पुढचे दोन दुसऱ्या, मग पाचवा, सहावा, सातवा दर वेळी गाव बदलून. मधे एकच दिवस आणि विमानप्रवासही असेल तर त्या सामन्यावर कॅलेंडरमध्ये लाल खूण करा. दोन दिवस असतील तर हिरवी. चौथ्या सामन्यानंतर लाल आणि हिरव्या दिवसांच्या नोंदी शेजारी ठेवा. हिरव्या दिवशी आखूड फेकी आणि रेघा कमी झालेल्या असतील तर तो दमलाय. दोन्हीकडे सारख्याच असतील तर तो उतरलाय.