जिओकॅशिंग: शेवटच्या दहा मीटरांत फोन खिशात
जिओकॅशिंग म्हणजे कुणीतरी लपवलेला डबा जीपीएसच्या मदतीनं शोधायचा खेळ. असा डबा शोधताना फोनच्या बाणावर शेवटच्या दहा मीटरपर्यंतच विसंबा. मोकळ्या आभाळाखाली फोनचं जीपीएस साधारण पाच मीटर इकडेतिकडे दाखवतं. दाट झाडीत किंवा कड्याखाली ते आणखी भरकटतं. तिथून पुढे नजरेनं शोधा: पोकळ बुंधा, मुळांची बेचकी, मुद्दाम रचल्यासारखे दिसणारे दगड. जमीन खोदून डबा पुरणं या खेळाच्या नियमात बसत नाही, म्हणून माती उकरू नका. गडावर असाल तर तटबंदीचा एकही दगड हलवायचा नाही. आणि सह्याद्रीत फटीत थेट हात घालणं धोक्याचं. विंचू, फुरसं अशाच जागी दडतात. आधी काठीनं चाचपा.

डबा सापडला की आतल्या वहीत नाव आणि तारीख लिहा (पेन्सिल सोबत न्या). डब्यातली वस्तू उचललीत तर तेवढ्याच मोलाची दुसरी ठेवा. खाऊ मात्र कधीच नको, वासानं जनावरं डबा फोडतात. झाकण घट्ट लावून तो होता तिथेच ठेवा.

गडावर मुक्कामाची परवानगी असेल तिथेही तंबू पाण्याच्या टाक्यापासून लांब लावा आणि टाक्यात भांडी घासू नका. बऱ्याच गडांवर प्यायचं पाणी तेवढंच असतं.