रेंजफाइंडरचा चौकोन फिकट पडलाय? झाकण उघडण्याआधी या चुका टाळा

मामा बोटीवर होते. सत्तरच्या दशकात एका फेरीवरून परतताना त्यांनी याशिका इलेक्ट्रो ३५ आणला आणि पुढची वीसेक वर्षं आमच्या घरातली लग्नं, मुंजी, चवथीची माटोळी (गणपतीवर टांगलेली फळापानांची चौकट) त्याच कॅमेऱ्यानं टिपली. माझ्या हाती आला तेव्हा व्ह्यूफाइंडरमधला पिवळसर चौकोन, म्हणजे दोन प्रतिमा जुळवून फोकस लावायच्या रेंजफाइंडरची खूण, जेमतेम दिसत होता. मी वरचं झाकण काढलं. आतला नखाएवढा आरसा धुरकट वाटला, म्हणून इअरबडवर आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन एकदाच हलकेच फिरवलं. आरसा स्वच्छ झाला, पण आता ती साधी काच होती. मुलामा कापसावर उतरला होता. चौकोन गेला.

नंतर म्हापशातल्या एका वयस्कर मेकॅनिकला कॅमेरा दाखवला. त्यांनी भिंगातून पाहिलं आणि एवढंच म्हणाले, “बाब, ताका हात लावूं नाका.” हे वाक्य मला आधी ऐकायला हवं होतं.

तिरका आरसा पुसू नका

कॅमेऱ्याच्या मोठ्या खिडकीतून आपल्याला समोरचं दृश्य सरळ दिसतं. बाजूच्या छोट्या खिडकीतून दुसरी प्रतिमा आत येते, वळते आणि मधल्या तिरक्या, अर्धपारदर्शक आरशावर पडून डोळ्याकडे येते. लेन्स फिरवली की आतली दांडी ही दुसरी प्रतिमा सरकवते. दोन्ही एकावर एक बसल्या की फोकस लागला. त्या तिरक्या काचेवरचा थर मुद्दामच इतका पातळ ठेवलेला असतो की थोडा प्रकाश आरपार जावा आणि थोडा परत फिरावा. पन्नास वर्षांनी तो काचेला जेमतेम धरून असतो. हातपंपाच्या ब्लोअरनं धूळ उडवा, तिथेच थांबा. बाहेरच्या खिडक्या, आयपीस (डोळा लावायची काच) मात्र मऊ कापडानं खुशाल पुसा. निम्मा धुरकटपणा बऱ्याचदा तिथेच असतो.

चौकोन फिकट का पडला हे झाकण न उघडताही बरंच कळतं. मोठ्या खिडकीच्या काचेवर मधोमध हरभऱ्याच्या डाळीएवढा काळ्या टेपचा तुकडा चिकटवा. मधलं सरळ दृश्य अंधारतं. आता चौकोनातली प्रतिमा ठळक आणि रेखीव दिसली, तर दुसऱ्या प्रतिमेची वाट शाबूत आहे, फक्त आरशाचा मुलामा विरळ झालाय. अशा कॅमेऱ्याला तो टेपचा ठिपकाच औषध म्हणून पुरतो, मी कित्येक रोल तसेच काढलेत. टेप लावूनही प्रतिमा दुधाळच राहिली तर आत वाफेचा थर किंवा बुरशी आहे, आणि ते काम मेकॅनिकचं.

त्याहीआधी एक पाहा. डाव्या हाताचं बोट छोट्या खिडकीवर तर नाही ना? किंवा लेन्सवरचा मोठा हूड? चौकोन अचानक नाहीसा होण्याचं हे सगळ्यात साधं कारण आहे.

प्रतिमा कुठे हलली आहे हे न बघता स्क्रू फिरवणं

संध्याकाळी मीरामारच्या किनाऱ्यावर जा. लेन्स अनंतावर (सगळ्यात दूरच्या खुणेवर) ठेवा आणि नदीमुखापलीकडे आग्वादच्या टोकाकडे पाहा. तिथली एखादी उभी कड धरा. ती शेजारी-शेजारी दोनदा दिसली तर आडवी जुळणी बिघडली आहे, आणि तुमचे फोटो खरोखर आउट ऑफ फोकस येणार. मग क्षितिजाची रेषा चौकोनात घ्या. ती वर-खाली तुटलेली दिसली तर उभी जुळणी हलली आहे. यानं डोळ्याला त्रास होतो, पण उभ्या कडांवर फोकस केलात तर फोटो बिघडत नाही. लोक नेमकं या दुसऱ्या दोषासाठी घाईनं कॅमेरा उघडतात आणि पहिला दोष ओढवून घेतात. फेड-२, झोर्कीसारख्या सोव्हिएत कॅमेऱ्यांत उभी जुळणी छोट्या खिडकीची गोल काच फिरवून होते, पण ती फिरली की आडवीही थोडी हलते. दोन्ही आलटून पालटून बसवावं लागतं.

अनंत बरोबर आला की मोजपट्टीनं एक मीटरवर वर्तमानपत्र ठेवून पाहा. दूरचं बरोबर आणि जवळचं चूक असेल, तर दांडीत किंवा लेन्समध्ये खोट आहे. ते घरी करायचं काम नव्हे. लेन्सवरच संशय असेल तर रोल नसताना मागचं दार उघडून फिल्मच्या आतल्या पट्ट्यांवर अर्धपारदर्शक टेप ताणून लावा, शटर ‘बी’ या खुणेवर ठेवून बटण दाबून उघडं धरा आणि पूर्ण उघड्या अॅपर्चरवर टेपवरची प्रतिमा भिंगानं पाहा. फिल्मला काय दिसतं ते इथे दिसतं.

आणि जपानी कॅमेऱ्याच्या स्क्रूंना जपानी मापाचाच, जेआयएस टोकाचा स्क्रूड्रायव्हर वापरा. साध्या फिलिप्सनं डोकी सोलवटतात.

दोन्ही प्रतिमा जुळूनही सगळंच पुसट दिसत असेल, तर आधी चष्मा तपासा. झोर्की-४ ला डोळ्याच्या नंबरासाठी छोटी दांडी असते, बहुतेकांना असं काही नसतं.

कपाट, तांदूळ आणि पाऊस

आपल्याकडे जूनपासून भिंतींना ओल धरते, तेव्हा कॅमेरा चामड्याच्या केसमध्ये बंद ठेवणं म्हणजे बुरशीला घर देणं. चामडं ओल धरून ठेवतं. कपड्यांच्या कपाटात डांबर गोळ्यांशेजारी ठेवणं त्याहून वाईट, कारण त्यांची वाफ काचांवर बसते. तांदळाच्या डब्यातही नको, पीठ आत जातं. हवाबंद डबा, सिलिका जेल आणि एक छोटा आर्द्रतामापक एवढं पुरतं. काटा ४० ते ५० टक्क्यांत राहू द्या. घरी काही उघडायचंच असेल तर ते कोरड्या हवेत, नोव्हेंबरनंतर उघडा. भर पावसात उघडलेला कॅमेरा बंद करताना ओलही आत बंद होते.

दुरुस्त करावा की नाही

१९५४ चा लायका एम३ असेल तर प्रश्नच नाही, करा. त्याच्या प्रिझमचे तुकडे बाल्सम या पारदर्शक डिंकानं चिकटवलेले असतात. जोर बसला की ते सुटतात आणि फाइंडर काळा पडतो. म्हणून विकत घेताना फाइंडर आधी पाहा आणि कुरियरनं पाठवताना डब्यात दुहेरी फोम घाला. उलट लायकाच्याच नंतरच्या एम६ मध्ये कडेनं उजेड आला की चौकोन पांढरा पडतो, तो बिघाड नव्हे. एम४-२ या मॉडेलपासून फाइंडरच्या रचनेत केलेल्या काटछाटीचा तो परिणाम आहे. डोळा मधोमध आणा, किंचित सरका, चौकोन परत दिसतो. त्यावर पैसे घालवू नका.

इलेक्ट्रो किंवा कॅननच्या कॅनोनेटसारख्या साध्या कॅमेऱ्यांचं गणित वेगळं. आधी बाकी कॅमेरा जिवंत आहे का पाहा. इलेक्ट्रोत वाइंड करताना ‘टक्’ असा आवाज येत नसेल तर आतला रबरी पॅड विरघळलाय आणि एक्सपोजर भरवशाचं राहिलेलं नाही. लाल-पिवळे दिवे लागत नसतील तर तो फाइंडरचा दोष नाही, बॅटरीच्या कप्प्यातला गंज पाहा, जुनी ५.६ व्होल्टची पाऱ्याची बॅटरी आता मिळत नाही, अडॅप्टर घालून ६ व्होल्टची ४एलआर४४ चालते. हे सगळं ठीक असेल आणि फक्त मुलामा गेला असेल, तर नवा आरसा कापून घेण्यापेक्षा शटर गेलेला दुसरा इलेक्ट्रो घेऊन त्याचा आरसा बसवणं स्वस्त पडतं.

मामांच्या कॅमेऱ्याचं तसंच केलं. म्हापशातल्या त्याच हातांनी आरसा बदलला, जुळणी केली. चवथीआधी एक रोल पूर्ण उघड्या अॅपर्चरवर, एफ १.७ वर, एक मीटर, तीन मीटर आणि अनंतावर काढून तपासला. मग माटोळीखाली उभा राहून सुपारीच्या घडावर चौकोन धरला, आणि दोन घडांचा एक झाला.