जर्मनीत सहा महिन्यांसाठी घर शोधताना

कंपनीने सहा महिन्यांसाठी म्युनिक किंवा बर्लिनला पाठवलं की हॉटेल परवडत नाही आणि पक्का भाडेकरार कुणी देत नाही. अशा वेळी शोधायचा शब्द म्हणजे ‘त्स्विशनमीटे’. मूळ भाडेकरू काही महिने बाहेर जातो आणि तेवढ्यापुरतं सामानासकट घर देतो.

पहिला प्रश्न भाड्याचा विचारू नका. ‘आनमेल्डुंग, म्हणजे पत्त्याची सरकारी नोंदणी, होईल का?’ हे विचारा. राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत पत्ता नोंदवावा लागतो आणि त्यासाठी घर देणाऱ्याच्या सहीचं पत्र लागतं. नोंदणी रखडली की टॅक्स नंबर रखडतो. तो नंबर पोस्टाने येतो, म्हणून पत्रपेटीवर आपलं नाव लावायला विसरू नका; नाव नसेल तर पोस्टमन पत्र परत नेतो! घर पोटभाड्याने असेल तर मूळ मालकाची परवानगी आहे ना, तेही लेखी पाहा.

भाडं ‘काल्ट’ की ‘वार्म’? काल्ट म्हणजे नुसत्या जागेचं भाडं; वार्ममध्ये हीटिंग धरलेलं असतं, वीज बहुधा वेगळी. डिपॉझिट काल्ट भाड्याच्या तिपटीहून जास्त मागता येत नाही आणि कायद्याने ते तीन हप्त्यांत देता येतं. हे पुष्कळांना ठाऊकच नसतं.

‘मी परदेशात आहे, पैसे पाठवा, चावी कुरियरने देतो’ असं कुणी म्हटलं तर सरळ सोडून द्या. तिथल्या ओळखीच्या कुणाला तरी घर बघून यायला सांगा, मगच पैसे पाठवा.