हाडांच्या जनुकाची बातमी आली, की आधी हे तपासा

'अमुक जनुक असेल तर हाडं ठिसूळ होतात' अशी बातमी व्हॉट्सॲपवर फिरली, की आमच्या मालवणातल्या फिजिओथेरपी केंद्रात कुणीतरी विचारतंच, "ताईनू, ह्यां खरां आसा?" विचारणारी बहुतेकदा खुबा मोडलेल्या आजीची लेक असते. आईचं झालं, आता आपलं काय, ही तिची धास्ती असते. म्हणून मी बातमीवर न थांबता मूळ अभ्यास उघडते. तुम्हीही उघडा.

आधी माणसं मोजा. जनुकातल्या एकेका फरकाचा हाडांच्या घनतेवरचा परिणाम सहसा अगदी बारीक असतो. शंभर-दोनशे जणांत तो ठळक दिसला, तर योगायोगाचा संशय घ्या. 1994 साली 'नेचर' या विज्ञानपत्रिकेत ऑस्ट्रेलियातल्या जुळ्यांवरचा अभ्यास आला. घनतेतल्या आनुवंशिक फरकापैकी 75 टक्क्यांपर्यंतचा वाटा ड जीवनसत्त्वाच्या रिसेप्टरच्या (पेशीत हे जीवनसत्त्व ज्याला चिकटून काम करतं, त्या प्रथिनाच्या) एकट्या जनुकाचा, असा त्याचा दावा होता. जगभर त्यावर काम सुरू झालं. 1997 मध्ये त्याच संशोधकांनी दुरुस्ती छापली: काही जुळ्यांचं जनुकवाचन चुकलं होतं, आणि ते सुधारल्यावर संबंध बराच फिका पडला. 2006 मध्ये युरोपातल्या 26,242 जणांची माहिती एकत्र तपासली, तेव्हा या जनुकातल्या ज्या चार खुणांचा (माणसामाणसांत फरक असलेल्या जागांचा) सर्वाधिक गाजावाजा झाला होता, त्यांचा घनतेशी किंवा फ्रॅक्चरशी संबंध दिसलाच नाही.

जनुकवाचनातली चूक कधीकधी अभ्यासातल्या तक्त्यातच सापडते. समजा, एका खुणेची दोन रूपं आहेत, मोठा बी (B) 40 टक्के आणि छोटा बी (b) 60 टक्के. प्रत्येकाला एक रूप आईकडून आणि एक वडिलांकडून मिळतं. मग शंभर माणसांत दोन्ही मोठे असलेले सुमारे 16, मिश्र 48 आणि दोन्ही छोटे असलेले 36 निघायला हवेत. मिश्र 25च दिसले, तर आधी प्रयोगशाळेचं काम तपासायला हवं. अभ्यासात 'हार्डी-वाइनबर्ग' हा शब्द शोधा. ही पडताळणी त्याच नावाने लिहिलेली असते.

तुलना कुणाशी केली तेही बघा. फ्रॅक्चरवाले सगळे वेंगुर्ल्याचे आणि धडधाकट सगळे पुण्याचे असतील, तर आहार, ऊन, कष्ट आणि पूर्वज, सगळंच वेगळं. मग दोष एकट्या जनुकावर कसा टाकणार?

मोजमापही विचारा. आपल्याकडच्या मोफत शिबिरांत टाच यंत्रात ठेवून तपासतात, ती अल्ट्रासाउंड चाचणी. हाडं ठिसूळ झाल्याचं निदान मात्र खुबा आणि कण्याच्या डेक्सा तपासणीवर (एक्स-रेने घनता मोजण्यावर) होतं. टाचेची तपासणी संशोधनात निरुपयोगी नाही. 2019 मध्ये ब्रिटनच्या 4,26,824 जणांच्या टाचांवरून हाडांच्या घनतेशी संबंध असलेल्या जनुकसंचातल्या 518 जागा सापडल्या. पण तिथे माणसं लाखांत होती आणि पी-मूल्याची (खरा संबंध नसतानाही निव्वळ योगायोगाने असा निकाल दिसण्याच्या शक्यतेची) अट 0.05 नसून त्याहून कित्येक पटींनी कडक होती. दुसऱ्या गटात तोच निकाल पुन्हा मिळाला का, हे तर मी प्रत्येक वेळी बघते.

आणि त्या लेकीला मी फ्रॅक्सबद्दल सांगते. फ्रॅक्चरचा धोका मोजायला डॉक्टर वापरतात ते हे गणित वय, वजन, आधीचं फ्रॅक्चर, धूम्रपान, स्टेरॉइडच्या गोळ्या आणि आईवडिलांचा खुबा मोडला होता का, हे विचारतं. जनुकाचा रिपोर्ट मागत नाही. तेवढी उत्तरं कागदावर लिहून डॉक्टरांकडे न्या.