या चुका टाळा : यानाच्या सुटका यंत्रणेची चाचणी घेताना

"सर, पिन लावली होती."

हे वाक्य मी संभाजीनगरात ऐकलंय, लातुरात ऐकलंय, नांदेडच्या पोरांकडूनही ऐकलंय. गगनयानाची चर्चा सुरू झाल्यापासून आपल्याकडच्या इंजिनिअरिंगच्या मुलांना सुटका यंत्रणेचं मॉडेल करायचं असतं, आणि मला त्याचा मनापासून आनंद आहे. रॉकेट बिघडलं तर माणसं बसलेली कुपी त्यापासून ओढून लांब न्यायची आणि पॅराशूटनं अलगद उतरवायची, एवढंच त्या यंत्रणेचं काम. आमचं मॉडेल साधं असतं. दोन लिटरच्या बाटलीचं पाण्याचं रॉकेट, सायकलच्या पंपाची हवा, टोकाला २५० ग्रॅमची कुपी, ती उडवायला दाबलेली स्प्रिंग आणि स्प्रिंगची कडी सोडायला एक छोटी सर्व्हो मोटर. आग नाही, फटाक्याची दारू नाही. पण चुका त्याच होतात, ज्या मोठ्या यानांच्या चाचण्यांतही झाल्या आहेत.

पहिली चूक पिनेची. हिच्याबद्दल मी जरा जास्त बोलणार आहे.

अंबाजोगाईकडच्या एका माळाला लागून असलेल्या रानात आम्ही मोठी कुपी ड्रोननं वर नेऊन सोडणार होतो. तीन किलोची कुपी, आत दोन पॅराशूट. लहान आधी बाहेर येतं आणि मोठ्याला ओढून काढतं. ज्वारी निघाली होती, रान मोकळं होतं, सकाळी वारा पडलेला होता. ड्रोन ८० मीटरवर गेला, कुपी सुटली, लहान पॅराशूट मस्त उघडलं आणि एकटंच बाभळीच्या दिशेनं निघून गेलं. कुपी तशीच खाली आली. मार्चमधलं काळं रान म्हणजे दगडच. सर्किटचे तुकडे आम्ही दुपारपर्यंत भेगांतून वेचत होतो. पोरांची आठ महिन्यांची मेहनत होती ती. एक पोरगी बांधावर बसून रडली, तेव्हा मलाही काही बोलायचं सुचलं नाही.

"पॅराशूट फेल गेलं," असं सगळे म्हणत होते. मोठं पॅराशूट फेल गेलंच नव्हतं, त्याला कुणी बाहेर ओढलंच नव्हतं. दोन्ही पॅराशूटच्या दोऱ्यांचे फासे एकमेकांवर ठेवून त्यांतून पिन घालायची होती. ती एकाच फाशातून गेली होती. वरून कापडाची पट्टी होती, त्यामुळे बघणाऱ्याला सगळं ठीक दिसत होतं. लावणाऱ्यानं लावली, झाकणाऱ्यानं झाकली, तिसऱ्यानं झाकलेल्याचा फोटो काढला.

हे फक्त आपल्या पोरांचं होतं असं नाही. ४ नोव्हेंबर २०१९ ला बोइंगच्या स्टारलायनर यानाची अमेरिकेतल्या व्हाइट सँड्सला पॅड अबॉर्ट चाचणी झाली, म्हणजे जमिनीवरूनच कुपी उडवून सुटकेची चाचणी. तीन मुख्य पॅराशूटांपैकी दोनच उघडले. लहान आणि मोठं पॅराशूट जोडणारी पिन नीट बसलेली नव्हती. दोन पॅराशूटवर कुपी सुखरूप उतरली, कारण एक गेलं तरी चालावं असाच आराखडा होता. आमच्याकडे मोठं एकच होतं.

तेव्हापासून माझी सवय ठरलेली आहे. पिन एकानं लावायची, दुसऱ्यानं ओढायची. ओढायची म्हणजे बोटानं चाचपायचं नाही, भाजीवाल्याकडे असतो तसा आकड्याचा काटा अडकवून पाच किलोपर्यंत ताणायचं आणि काट्यावरचा आकडा मोठ्यानं सांगायचा. मग झाकायचं. झाकल्यानंतर शंका आली तर पुन्हा उघडायचं, उशीर झाला तरी. कुणी म्हणतं, सर, यात प्रत्येक वेळी वीस मिनिटं जातात. जाऊ द्या. ज्याला वीस मिनिटांची घाई आहे, त्याला मी कुपीला हात लावू देत नाही.

दुसरी चूक मला पिनेपेक्षाही जास्त घाबरवते. रॉकेट उडालं नाही की पोरं धावत जवळ जातात.

एकदा आमचं रॉकेट अडकलं. हवा भरलेली, कडी निघेना. एका मुलानं जाऊन लाँचर हलवला. सर्किट चालूच होतं. सेन्सरला वाटलं रॉकेट कलतंय, त्यानं सर्व्होला सांगितलं, स्प्रिंग सुटली आणि कुपी त्याच्या कानाजवळून गेली. यंत्रणेनं तिला शिकवलेलं तेच केलं होतं. रॉकेट कललं की कुपी उडव, असं आम्हीच कोडमध्ये लिहिलं होतं. रॉकेट अजून जमिनीवर आहे की हवेत, हे मात्र तिला कुणी सांगितलं नव्हतं.

१४ डिसेंबर १९६६ ला सोव्हिएत रशियाच्या बैकोनूर तळावर मानवरहित सोयुझ यानाचं उड्डाण इंजिन पेटताना थांबलं. माणसं पॅडवर, म्हणजे रॉकेट उभं असतं त्या ओट्यावर, परतली. सुटका यंत्रणेतले जायरो, म्हणजे रॉकेट कललं का ते ओळखणाऱ्या भिंगऱ्या, मात्र फिरतच होते. दरम्यान पृथ्वी तिच्या गतीनं फिरली, जायरोंच्या लेखी रॉकेट कललं, आणि थांबल्यानंतर सुमारे अर्ध्या तासानं एस्केप मोटर, म्हणजे कुपीला ओढून नेणारी मोटर, पेटली. त्या आगीनं खालचं इंधन भरलेलं रॉकेट पेटलं आणि माणूस दगावला. तो आमच्या मुलाच्या जागी उभा होता, असं मला ही गोष्ट सांगताना दर वेळी वाटतं.

त्याआधी, २१ ऑगस्ट १९५९ ला, अमेरिकेतल्या वॉलप्स बेटावर लिटल जो १ या चाचणी रॉकेटवरची बॅटरी चार्ज होत असताना उड्डाणाच्या सुमारे अर्धा तास आधी एस्केप मोटर पेटली आणि कुपी एकटीच वर गेली. रॉकेट जागेवरच उभं.

आणि थांबायचं कसं, हे शिकायचं असेल तर २१ नोव्हेंबर १९६० चं अमेरिकेचं मर्क्युरी रेडस्टोन १ हे मानवरहित उड्डाण बघा. रॉकेट जेमतेम चार इंच उचललं, इंजिन बंद पडलं आणि ते परत पॅडवर बसलं. कुपीला वाटलं उड्डाण नेहमीसारखं संपलं, म्हणून एस्केप टॉवर, म्हणजे कुपीच्या टोकावरचा सुटकेच्या मोटरीचा मनोरा, कुपीला न घेताच उडून गेला. मग पॅराशूट बाहेर पडले आणि रॉकेटच्या अंगावर लोंबत राहिले. इंधन भरलेलं, खाली धरून ठेवलेलं नाही, जोराचा वारा पॅराशूटमध्ये शिरला असता तर रॉकेट आडवं झालं असतं. तरी कुणी जवळ गेलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत बॅटऱ्या उतरू दिल्या आणि मग गेले.

आमचा नियम त्यावरूनच आलाय. उडालं नाही की तीस मिनिटं कुणी हलायचं नाही. हवा सोडायचा व्हॉल्व्ह लांबून दोरीनं उघडेल असाच बसवायचा. सर्किटचा मुख्य स्विच लाँचरवर नको, पन्नास फूट लांब, माझ्या हातात. आणि सेन्सरला सुटकेचा हुकूम द्यायची मुभा रॉकेटनं जागा सोडल्यावरच. रॉकेट जमिनीवर असताना सुटकेचा हुकूम माणसानंच द्यायचा.

यावर हुशार पोरं विचारतात, मग खरोखर पॅडवर आग लागली तर? २६ सप्टेंबर १९८३ ला तेच झालं. सोयुझच्या रॉकेटला पॅडवर आग लागली. आत बसलेल्या तितोव आणि स्त्रेकालोव्ह यांना बाहेरचं काही दिसत नव्हतं आणि आगीनं केबल जळाल्या होत्या. शेवटी जमिनीवरच्या दोघांनी, वेगवेगळ्या ठिकाणांहून, रेडिओनं हुकूम दिला. कुपी निघाली आणि काही सेकंदांत खाली स्फोट झाला. दोघांनी १४ ते १७ जी, म्हणजे स्वतःच्या वजनाच्या तितक्या पट भार, सोसला आणि वाचले. दोन वेगळ्या हातांची अट ठेवायची ती याचसाठी. चुकून एकाच्या बोटानं उडू नये आणि गरज पडली तर केबलवाचूनही उडावं.

बाकीच्या चुका थोडक्यात सांगतो.

वाळू भरून वजन जुळवता, पण भार कुठे आहे हे बघत नाही. वजन बरोबर आणि तोल चुकीचा असेल तर कुपी गिरकी घेते आणि दोर गुंडाळले जातात.

दुपारी चाचणी ठेवू नका. बालाघाटच्या माथ्यावर अकरानंतर वारा उठतो.

सरपंच आणि पोलीस पाटील यांना आधी सांगा. उभ्या तुरीत कुपी पडली तर शेतकऱ्याला विचारूनच आत शिरा.

फक्त जमिनीवरची सुटका जमली म्हणून प्रकल्प संपवू नका. ही चूक चांगल्या मार्कांची पोरं करतात. इस्रोनं ५ जुलै २०१८ ला श्रीहरिकोट्याला पॅड अबॉर्ट चाचणी केली. १२.६ टनांची जोडणी सात घन इंधनाच्या मोटरींवर उडाली आणि २५९ सेकंदांत सगळं आटोपलं. पण रॉकेट ध्वनीच्या वेगाच्या आसपास असतं, तेव्हा हवा कुपीला रॉकेटवर दाबून धरते आणि सुटणं तिथे फार अवघड होतं. म्हणून २१ ऑक्टोबर २०२३ ला टीव्ही-डी१ हे इस्रोचं चाचणी उड्डाण झालं आणि सुमारे १२ किलोमीटर उंचीवर, ध्वनीपेक्षा जास्त वेगात सुटका केली गेली. आमच्या बाटलीला तो वेग मिळणार नाही. तरी कुपी सुटेल तेव्हा रॉकेट चढत असायला हवं, एवढं तर करता येतं.

टीव्ही-डी१ च्या दिवशी नवरात्र होतं, सुट्टीला घरी गेलेली पोरं मोबाइलवर बघत होती. उलटी मोजणी शेवटच्या पाच सेकंदांवर थांबली आणि मला मेसेज सुरू झाले, "सर, फेल झालं का?" संगणकाला इंजिनाची प्रज्वलन क्रिया नेहमीसारखी दिसली नाही, म्हणून त्यानं थांबवलं. कारण शोधलं, दुरुस्त केलं आणि दहा वाजता उड्डाण झालं. थांबलेल्या मोजणीला फेल म्हणणाऱ्या मुलाला मी पुढची चाचणी स्वतः थांबवायला लावतो. त्यानं एकदा तरी सगळ्यांसमोर "थांबा" म्हणायला हवं.

चाचणीत काही फुटलं तर ते लपवू नका. २० एप्रिल २०१९ ला स्पेसएक्सच्या क्रू ड्रॅगन यानाची कुपी जमिनीवरच्या चाचणीत फुटली. एका झडपेतून ऑक्सिडायझर, म्हणजे इंधन जाळायला लागणारा द्रव, नको तिथे गेला होता आणि दाब चढताच तो टायटॅनियमच्या भागावर वेगानं आदळला. आत कुणी नव्हतं. ती झडप काढून तिथे एकदाच फुटणाऱ्या चकत्या बसवल्या आणि १९ जानेवारी २०२० ची उड्डाणातली सुटका चाचणी नीट झाली. आमच्या वहीत मोडलेल्या भागांचं पान वेगळं आहे. ते पान कोरं असलेल्या गटाकडून मी चाचण्या पुन्हा करून घेतो.

शेवटचं, सगळे विचारतात ते. किती चाचण्या पुरे? मी सलग दहा मागतो, त्याच भागांवर. पिन बदलली, दोर बदलला, कोडची एक ओळ बदलली, की मोजणी पुन्हा एकपासून.