दुसऱ्या वर्षाच्या पॉइंट गार्डकडून किती आणि कशाची अपेक्षा ठेवावी

ऑक्टोबर उजाडला की अमेरिकेतल्या कॉलेज बास्केटबॉलच्या चाहत्यांमध्ये एक वाक्य हमखास ऐकू येते: ‘गेल्या वर्षी तो नवखा होता, यंदा बघा.’ हे वाक्य सर्वांत जास्त वेळा पॉइंट गार्डबद्दल उच्चारले जाते, कारण चेंडू पुढे आणणे, डाव लावणे आणि शॉट क्लॉकच्या, म्हणजे फेक घेण्यासाठी मिळणाऱ्या, तीस सेकंदांचा हिशेब ठेवणे ही कामे त्याच्याकडे असतात आणि ती अनुभवाने सुधारतात असा सर्वांचा समज आहे. समज खरा आहे. चूक होते ती सुधारणा मोजण्यात, कारण बहुतेक जण दुसऱ्या वर्षी गुण किती वाढले एवढेच पाहतात. माझ्या मते सोफोमोर, म्हणजे दुसऱ्या वर्षाच्या, पॉइंट गार्डबद्दल पहिला प्रश्न असा विचारावा की त्याच्यावरचा भार किती वाढणार आहे. तो वाढल्यावर चेंडू किती वेळा हातचा जातो हा दुसरा प्रश्न, आणि गुणांचा विचार त्यानंतर.

सुरुवात गेल्या वर्षीच्या आकड्यांपासून करावी, पण ते आकडे जसेच्या तसे घेऊ नयेत. पुरुषांचा कॉलेज सामना चाळीस मिनिटांचा असतो आणि पहिल्या वर्षाचा गार्ड त्यातली वीस मिनिटे खेळला की तेहतीस यावर त्याचे सगळे आकडे अवलंबून असतात. म्हणून प्रत्येक आकड्याला चाळीसने गुणून त्याच्या सरासरी मिनिटांनी भागावे. गणित शाळेतले आहे, पण ते केल्यावर अनेकदा असे दिसते की ज्याला आपण ‘प्रगती’ म्हणणार होतो ती केवळ जास्त वेळ मैदानावर राहिल्याची वाढ आहे.

त्यानंतर संघातून कोण गेले हे पाहावे. या बाबतीत मला टायरीस हॅलिबर्टनचे उदाहरण सर्वांत बोलके वाटते. आयोवा स्टेट विद्यापीठात 2018-19 च्या पहिल्या वर्षी तो सामन्याला सुमारे तेहतीस मिनिटे खेळून सरासरी 6.8 गुण आणि 3.6 असिस्ट (ज्यावर सहकारी लगेच बास्केट करतो असे पास) देत होता, आणि चेंडू गमावण्याचे, म्हणजे टर्नओव्हरचे, त्याचे प्रमाण होते सामन्याला फक्त 0.8. एका टर्नओव्हरमागे साडेचार असिस्ट हा नवख्या मुलासाठी थक्क करणारा हिशेब होता. पण त्या संघात मारियल शेयॉक, टेलन हॉर्टन-टकर, लिंडेल विगिंटन आणि निक वायलर-बॅब होते; चेंडू अनेक हातांतून फिरत असे आणि हॅलिबर्टनच्या वाट्याला बहुधा सोपा, सुरक्षित पास येई. हंगाम संपल्यावर हे चौघेही संघात राहिले नाहीत. पुढच्या वर्षी हॅलिबर्टनचे गुण 15.2 वर आणि असिस्ट 6.5 वर गेले, पण टर्नओव्हरही 2.8 झाले, म्हणजे साडेचाराचे ते गुणोत्तर जवळजवळ निम्म्यावर आले. तेवीस सामने जिंकलेला संघ बारा विजयांवर घसरला आणि फेब्रुवारी 2020 मध्ये मनगटाच्या दुखापतीमुळे त्याचा हंगाम बावीस सामन्यांतच आटोपला. केवळ गुणोत्तर आणि संघाचे निकाल पाहणाऱ्याने त्याला अपयशी ठरवले असते. प्रत्यक्षात चाळीस मिनिटांमागे त्याचे असिस्ट सुमारे 4.3 वरून 7.1 वर गेले होते, तेही समोरचा संघ सगळे लक्ष त्याच्यावरच केंद्रित करत असताना. त्याच वर्षी एनबीए या व्यावसायिक लीगच्या नव्या खेळाडूंच्या निवडीत तो बाराव्या क्रमांकावर घेतला गेला.

यावरून एक साधा नियम हाती लागतो. संघाचे मुख्य गुणकर्ते गेले असतील तर सोफोमोर गार्डचे असिस्ट आणि टर्नओव्हर यांचे गुणोत्तर खाली येणार हे आधीच गृहीत धरावे आणि ते किती खाली आले तर चालेल हे हंगामापूर्वीच ठरवावे. माझी स्वतःची मर्यादा साधारण दोनास एक अशी असते. त्याखाली गेले तर भार पेलवत नाही असे मी समजतो. अर्थात याला सणसणीत अपवाद आहे जा मोरांट. मरे स्टेटमध्ये पहिल्या वर्षी त्याच्या जोडीला जोनाथन स्टार्क हा शेवटच्या वर्षातला गार्ड होता. तो गेल्यावर मोरांटचे गुण 12.7 वरून 24.5 वर आणि असिस्ट 6.3 वरून 10.0 वर गेले, आणि संपूर्ण हंगामात सरासरी वीस गुण व दहा असिस्ट देणारा तो कॉलेज स्पर्धेच्या इतिहासातला पहिला खेळाडू ठरला. मात्र चेंडूही तो सामन्याला पाचाहून जास्त वेळा गमावत होता, म्हणजे त्याचे गुणोत्तर माझ्या मर्यादेच्या किंचित खालीच होते. तेव्हा नियम पाळावा, पण त्याला देव्हाऱ्यात बसवू नये.

कोण गेले याइतकेच कोण आले हे महत्त्वाचे असते, आणि चाहते नेमके इथे कमी पडतात. असिस्ट हा दोघांचा आकडा आहे: पास देणाऱ्याचा आणि बास्केट करणाऱ्याचा. मिशिगनचा ट्रे बर्क 2012 मध्ये एनबीएकडे जाण्याच्या विचारात होता, पण परतला. त्या वर्षी संघात मिच मॅकगॅरी, ग्लेन रॉबिन्सन तिसरा आणि निक स्टॉस्कस हे नवे खेळाडू आले आणि जुन्यांपैकी टिम हार्डवे ज्युनियर होताच. म्हणजे आत घुसल्यावर पास द्यायला रिंगखाली एक धिप्पाड सहकारी आणि कोपऱ्यात स्टॉस्कससारखा अचूक नेमबाज अशी सोय बर्कला झाली. पहिल्या वर्षीचे 4.6 असिस्ट आणि 2.8 टर्नओव्हर दुसऱ्या वर्षी 6.7 आणि 2.2 झाले. भार वाढून चुका कमी होणे हे दुर्मीळ असते. बर्कचे कर्तृत्व त्यात मोठे होते, पण सोबतही तशी लाभली होती. आपल्या आवडत्या गार्डकडून बर्कची अपेक्षा ठेवण्यापूर्वी त्याच्या संघात स्टॉस्कस कोण आहे हे शोधावे.

आता तीन गुणांच्या फेकीविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण दरवर्षी सर्वांत जास्त निराशा इथूनच उगवते. समजा, एखादा गार्ड सामन्याला चार अशा फेकी घेतो आणि बत्तीस सामने खेळतो. हंगामभरात एकशे अठ्ठावीस फेकी झाल्या. त्यातल्या सेहेचाळीस आत गेल्या तर त्याची टक्केवारी साधारण छत्तीस होते आणि एक्कावन्न गेल्या तर जवळजवळ चाळीस. छत्तीस टक्केवाल्याला आपण ‘बरा’ म्हणतो आणि चाळीसवाल्याला ‘पट्टीचा नेमबाज’, पण दोघांमधला फरक पाच महिन्यांत पाच चेंडूंचा आहे. महिन्याला एक चेंडू रिंगच्या कडेवरून आत घरंगळला की बाहेर, एवढ्यावर ही कीर्ती उभी असते. म्हणून पहिल्या वर्षी चाळीस टक्के फेकणारा दुसऱ्या वर्षी छत्तीसवर आला तर त्याला ‘दुसऱ्या वर्षाची घसरण’ म्हणून नावे ठेवू नयेत. पहिल्या वर्षी नशिबाने दिलेले दुसऱ्या वर्षी बहुधा परत घेतले जाते, एवढाच त्याचा अर्थ असतो. नोव्हेंबरातल्या पाच सामन्यांवरून निष्कर्ष काढणे तर आणखी वाईट. शितावरून भाताची परीक्षा करायची असेल तर निदान शीत त्याच भांड्यातले असावे.

महिलांच्या स्पर्धेतले केटलिन क्लार्कचे दुसरे वर्ष या दृष्टीने तपासण्याजोगे आहे. आयोवा विद्यापीठात पहिल्या वर्षी तिची तीन गुणांची टक्केवारी 40.6 होती, ती 2021-22 मध्ये 33.2 वर उतरली. तिच्यासारख्या लांबून आणि भरपूर फेकी घेणाऱ्या खेळाडूच्या बाबतीत ही घट पाच चेंडूंची नव्हती, ती खरोखर मोठी होती. तरीही त्याच हंगामात सरासरी 27.0 गुण आणि 8.0 असिस्ट अशा दोन्ही यादींत ती देशात पहिली आली, आणि महिलांच्या प्रथम श्रेणीत (डिव्हिजन वन) असे पूर्वी कोणाला जमले नव्हते. गुण पहिल्या वर्षीच 26.6 होते, तेव्हा तिथे वाढायला जागाच नव्हती. वाढ झाली ती पासमध्ये. नेमबाजी खरोखर सुधारली का हे पाहायचे असल्यास फाउलनंतर मिळणाऱ्या मोकळ्या फेकीची, म्हणजे फ्री थ्रोची, टक्केवारी जास्त विश्वासाची असते, कारण तिथे अंतर ठरलेले असते आणि अंगावर कोणी धावून येत नाही.

हंगामाचे वेळापत्रक समजून घेतल्याशिवाय अपेक्षांना अर्थ नाही. नोव्हेंबर आणि डिसेंबरमध्ये मोठी विद्यापीठे लहान संघांना मानधन देऊन आपल्या मैदानावर बोलावतात. त्या सामन्यांत बारा असिस्ट झाले म्हणून उतावळ्या नवऱ्यासारखे गुडघ्याला बाशिंग बांधू नये. याच काळातल्या त्रयस्थ मैदानावरच्या स्पर्धा, उदाहरणार्थ थँक्सगिव्हिंगच्या आठवड्यात हवाईत होणारी माउई स्पर्धा, तेवढ्या गांभीर्याने पाहाव्यात, कारण तिथे तीन दिवसांत तीन सामने असतात आणि दमलेल्या पायांनी गार्ड कसे निर्णय घेतो हे कळते. खरी कसोटी मात्र जानेवारीपासून, गटातल्या (कॉन्फरन्समधल्या) ठरलेल्या विद्यापीठांविरुद्धच्या सामन्यांत असते. तिथले प्रशिक्षक या मुलाला गेल्या वर्षभर पाहत आलेले असतात. तो उजवीकडूनच आत घुसतो, स्क्रीन (सहकाऱ्याने बचावपटूच्या वाटेत उभे राहून केलेला अडसर) मिळाल्यावर मान वर करत नाही, शेवटच्या पाच सेकंदांत ठरावीक जागेवरूनच फेकतो, हे सगळे त्यांच्या टिपणांत असते. म्हणून एकाच संघाशी होणारे दोन सामने शेजारी ठेवून पाहावेत. पहिल्या सामन्यात ज्या सापळ्यात तो सापडला त्यातून दुसऱ्या वेळी तो सुटला का, याचे उत्तर सरासरीच्या कोणत्याही रकान्यात मिळत नाही.

प्रत्यक्ष सामना पाहताना कुठे नजर ठेवावी, हेही सांगतो. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर हिवाळ्यात संध्याकाळी सातला सुरू होणारा सामना आपल्याकडे पहाटे साडेपाचला असतो. त्या वेळी सगळे मैदान टिपणे अवघड जाते, म्हणून मी एकाच प्रसंगाकडे लक्ष देतो. शॉट क्लॉकवर बारा-तेरा सेकंद उरले आहेत, उंच सहकाऱ्याने पुढे येऊन स्क्रीन लावली आहे आणि गार्ड तिच्या कडेने वळतो आहे. पहिल्या वर्षाचा मुलगा या क्षणी समोरच्या दोन बचावपटूंकडे पाहतो. मुरलेला गार्ड तिसऱ्याकडे, म्हणजे दूरच्या कोपऱ्यातल्या नेमबाजाला सोडून रिंगखाली मदतीला सरकणाऱ्या बचावपटूकडे पाहतो. त्या माणसाचा पाय आत पडला की चेंडू कोपऱ्यात जायला हवा, आणि तो पाय पडण्याआधी हवेत गेलेला पास म्हणजे खरी प्रगती. पुढे कोपऱ्यातल्याने फेक चुकवली तर असिस्ट मिळत नाही, म्हणून मी वहीत ‘योग्य पास’ असा वेगळा रकाना ठेवतो. दुसरी खूण अशी की चूक झाल्यावर पुढच्या डावात तो काय करतो: घाईने बदला घ्यायला जातो की शांतपणे संघाची मांडणी करतो?

या शांततेच्या बाबतीत ओक्लाहोमा स्टेटच्या मार्कस स्मार्टचे दुसरे वर्ष आठवते. पहिल्या वर्षानंतर एनबीएकडे न जाता परतलेल्या या गार्डचे गुण 15.4 वरून 18.0 झाले, मात्र तीन गुणांची टक्केवारी तिशीच्या आतच राहिली, आणि फेब्रुवारी 2014 मध्ये प्रेक्षकाला ढकलल्याबद्दल त्याला तीन सामने बाहेर बसावे लागले. तरी तो सहाव्या क्रमांकावर निवडला गेला, कारण त्याची किंमत मुख्यतः बचावात होती आणि गुणांची यादी ती सांगत नाही.

आजच्या काळात आणखी दोन गोष्टी जमेस धराव्या लागतात. 2021 पासून खेळाडूंना एक वर्ष बाहेर न बसता विद्यापीठ बदलता येते, त्यामुळे ‘दुसऱ्या वर्षाचा’ गार्ड पुष्कळदा नव्या प्रशिक्षकाकडे, नव्या डावपेचांत आणि अनोळखी सहकाऱ्यांत असतो. त्याला डिसेंबरअखेरपर्यंत मुदत द्यावी. शिवाय पहिल्या वर्षी चमकलेले अव्वल खेळाडू लगेच व्यावसायिक स्पर्धेकडे जातात, म्हणून त्यांच्या पहिल्या वर्षाशी आपल्या सोफोमोरच्या दुसऱ्या वर्षाची तुलना करण्यात काही हशील नाही. दुखापतीबद्दल तर अंदाज बांधताच येत नाही: पेज बेकर्स 2020-21 मध्ये पहिल्याच वर्षी देशातली सर्वोत्तम खेळाडू ठरली आणि दुसऱ्या वर्षी डिसेंबरात गुडघा दुखावून एकोणीस सामन्यांना मुकली.

हे सर्व पाहून झाल्यावर ऑक्टोबरातच एका पानावर अपेक्षा लिहून ठेवावी, आणि ती एका आकड्यात न लिहिता पट्ट्यात लिहावी: चाळीस मिनिटांमागे असिस्ट इतके ते इतके, गुणोत्तर अमुकच्या खाली नाही, फ्री थ्रो गेल्या वर्षीइतके किंवा वर, आणि गटातल्या परतीच्या सामन्यांत टर्नओव्हर कमी. हे पान फेब्रुवारीच्या शेवटी, राष्ट्रीय स्पर्धा सुरू होण्यापूर्वी काढून तपासावे. मार्चमध्ये तपासू नये, कारण एका पराभवात बाद होण्याच्या स्पर्धेत शेवटच्या सामन्याचा रंग सगळ्या हंगामाला चढतो. बर्क मार्च 2013 मध्ये कॅन्ससविरुद्ध पूर्वार्धात एकही गुण करू शकला नव्हता. उत्तरार्धाच्या अखेरीस त्याची लांबवरची फेक आत गेली, सामना जादा वेळेत गेला आणि मिशिगनने तो 87-85 असा जिंकला. जेलन ब्रन्सनने विलनोव्हात रायन आर्चिडियाकोनोची जागा घेऊन दुसऱ्या वर्षी गुण 9.6 वरून 14.7 वर नेले, आणि त्याचा संघ सर्वोच्च मानांकन असूनही दुसऱ्या फेरीत विस्कॉन्सिनकडून 65-62 असा हरला. दोघांची पाने फेब्रुवारीतच तपासली असती, तर दोघांनाही बरोबरची खूण मिळाली असती.